आखाडातली सुरमई

मंडळी, खानावळीत पाटावर बसलं की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, "ताजं हाय का?" आणि मालक म्हणतो, "आत्ताच आलंय." आजवर कुठल्या मालकानं "न्हाई, शिळं हाय" असं सांगितलेलं ऐकलंय का तुम्ही? ऐकलं असेल तर त्याचा पत्ता जरूर कळवा. तोवर ही नानासोंची गोष्ट ऐका.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. साताऱ्यात मोटारअड्ड्याजवळ नानासोंची 'समुद्रदर्शन खानावळ' होती. नानासोंनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. पाटी रंगवणाऱ्यानंही नव्हता, म्हणून त्यानं पाटीवरच्या सुरमईला भरघोस मिशा काढल्या होत्या. खाली लिहिलं होतं: 'बारा महिने ताजी सुरमई. बारा महिने एकच भाव.'

खानावळ जोरात चालायची. पलटणीतून सुटून आलेल्या जवानांनी बंदराबंदरांवर मासा खाल्लेला. आता त्यांच्या घशाखाली ओढ्यातला मळ्या मासा उतरत नव्हता. शिवाय माशाचा कल्ला, म्हणजे गालाआडची श्वासाची झालर, लालभडक असला म्हणजे मासा ताजा, एवढी विद्याही ते शिकून आले होते. म्हणून नानासोंनी रिवाजच पाडला. सकाळी दारातल्या पाटावर केळीचं पान टाकायचं, त्यावर सुरमई मांडायची आणि गिऱ्हाइकानं कल्ला उचलून आत बघायचं. सोन्याचा दागिना पारखावा तसे लोक डोळे बारीक करून बघायचे आणि खूश होऊन आत बसायचे.

मासा आणायचा अर्जुना. नानासोंचा तालमीतला जोडीदार. त्याची कोळशावर चालणारी लॉरी चिपळूणहून घाट चढून, खोकत खोकत साताऱ्याला यायची. लॉरी किती वाजता येईल ते सांगता यायचं नाही, पण अर्जुनाचा शब्द कधी चुकायचा नाही, असं नानासो छाती ठोकून सांगायचे.

आखाड लागला. श्रावणात मांसमच्छी बंद, म्हणून आधीची सगळी भूक आपली माणसं आखाडात भागवून घेतात. त्यात सुभेदार मानसिंगराव खानावळीत आले. बर्माच्या जंगलात ज्यानं त्यांना पाठीवर घालून आणलं, तो जमादार पालशेतकर कोकणातून पहिल्यांदाच भेटायला येणार होता. मानसिंगराव म्हणाले, "नाना, माझा जीव म्हंजी त्या माणसाचं देणं हाय. त्याला त्याच्या गावचा मासा खाऊ घालायचाय. हुईल का?"

"न व्हायला काय झालं?" नानासोंनी पाटीकडं बोट दाखवलं.

संध्याकाळी अर्जुनाला निरोप दिला तर तो डोकं खाजवायला लागला. समुद्र खवळलाय, होड्या वर काढल्यात, खाडीत जे थोडंफार मिळतं ते तिथंच दामदुपटीनं खपतं, असं त्यानं पुन्हा एकदा सांगून बघितलं. नानासोंना ह्याही वेळी ती भाव वाढवायची युक्ती वाटली. "पाटीवर एकच भाव लिहिलाय गड्या. तुला जमत न्हसंल तर दुसऱ्या लॉरीवाल्याला सांगतो," ते म्हणाले. अर्जुनानं खांद्यावरचं फडकं झटकलं. मग म्हणाला, "आणतो."

मेजवानीच्या दिवशी सुरमई आली. कल्ला असा लाल की नानासोंचे डोळे दिपले. त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, मात्र नाकाला पदर लावला. खानावळीत एक बोका होता, फौजदार नावाचा. तो शेपूट वर करून ऐटीत आला, माशाला हुंगलं आणि घाईघाईनं दुसरं काम आठवल्यासारखा निघून गेला. नानासो म्हणाले, आज एकादशी असंल त्याची.

पाहुणे आले. नानासोंनी पान दारात मांडलंच होतं, पण गडबडीत ते नेमकं पागोळीखाली आलं. कौलांवरचं पाणी टपटप सुरमईच्या कल्ल्यात पडायला लागलं. मानसिंगराव अभिमानानं पालशेतकरांना पुढं घेऊन आले. तेवढ्यात पानावरून लाल ओघळ निघाला. पाटावरून खाली आला, उंबऱ्याशी थबकला आणि थेट पालशेतकरांच्या पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासच्या बुटाला जाऊन लागला. इकडं सुरमईचा कल्ला राखेसारखा करडा पडला.

लीलाबाईंनी खाली वाकून तो ओघळ बोटावर घेतला, चोळून बघितला. "आवं," त्या म्हणाल्या, "ह्या माशाला हळदीकुंकवाला कुणी बोलावलंवतं?"

दोघंतिघं जवान फसकन हसले. पालशेतकर हसले नाहीत. त्यांनी सुरमई उचलली, उलटसुलट करून बघितली आणि हळूच पानावर ठेवली. जणू ओळखीतलं कुणी गेलं होतं.

"नानासाहेब, रागावू नका हां," ते म्हणाले. "आमच्या गावच्या होड्या जेठातच वर ओढल्या. माडाच्या झापांनी शाकारल्या. समुद्रात आता कोण जात नाही. मासोळी पण पोटात अंडी घेऊन असते. नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊ तेव्हा होड्या सुटतील. मग ही कुठल्या होडीतून आली?"

नानासोंनी पाटीकडं बघितलं. मिशीवाली सुरमई त्यांच्याकडंच बघत होती.

मानसिंगराव सगळ्यांत शेवटी बोलले, तेही अगदी हळू. "नाना, बर्मात जपान्यानं आमाला फसवलं, त्याचा राग न्हाई आला. त्यो दुश्मनच हुता. तू न्हवतास."

लीलाबाईंनी धावपळ करून पिठलं-भाकरी केली. पालशेतकर दोन भाकऱ्या आनंदानं जेवले. मानसिंगरावांनी ताटाला हात लावला नाही. जाताना त्यांनी नेहमीसारखा रामराम केला नाही.

नानासोंनी ती सुरमई शेपटीला धरली आणि तडक मोटारअड्ड्याकडं निघाले. वाटेतली कुत्री जमून मागं लागली. जरा वेळानं वारा फिरला, वास नीट त्यांच्याकडं गेला, तशी एकेक करून सगळी माघारी फिरली. नानासो एकटेच राहिले.

अर्जुना लॉरीच्या भट्टीत कोळसा घालत होता. नानासोंनी मासा त्याच्या पायाशी आपटला.

"तालमीत एका मातीत लोळलो आपण. आन तू माझा गळा कापलास?"

अर्जुनाचं तोंड कोळशानं काळं झालं होतं, म्हणून ते पडलं की नाही ते कळलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. मासा मुंबईच्या बर्फाच्या कारखान्यात जेठापासून पडून होता, लाकडाच्या भुशात बांधून आणला. कल्ले पांढरे पडलेले, म्हणून बायकोचा कुंकवाचा करंडा रिकामा केला. आणि हा पहिला मासा नव्हता. आखाड लागल्यापासून असेच येत होते.

"मला सांगायचंस तरी, अर्जुना."

"सांगितलंवतं की. समुद्र बंद हाय म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या लॉरीवाल्याची धमकी दिलीस. तुला मासा नकोच हुता नाना. तुला 'हाय' म्हणणारा माणूस हवा हुता. त्यो मी झालो."

नानासोंनी हात उगारला होता. तो हात तसाच खाली आला.

घरी येऊन ते चुलीपाशी बसले. अर्जुनानं दगा दिला, मानसिंगरावांनी तोंड फिरवलं, जगात कुणी कुणाचं नाही, असं बराच वेळ चाललं. लीलाबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं, मग भाकरी थापता थापता विचारलं, "आवं, तुमी दिवाळीत आंबा मागता का?"

"दिवाळीत आंबा कुठला?"

"मग आखाडात मासा कुठला? आंब्याचं झाड रोज डोळ्याला दिसतं म्हणून कळतं. समुद्र दिसत न्हाई, म्हणून त्याला मोसमच न्हाई व्हय? समुद्र मिटलेला असतो तवा आपल्या लोकांची पोटं उघडी, आन त्यो उघडतो तवा सरावन हाय म्हणून पोटं मिटलेली! ह्यात माशाची काय चूक? अर्जुनानं कुंकू लावलं ते वाईटच केलं. पर पाटीवर 'बारा महिने' कुणी लिहिलं? पहिलं कुंकू तुमीच लावलंय."

नानासो उठून दारात आले आणि पाटीखाली उभे राहिले. आपण फसलो, फसलो म्हणून गावभर हिंडलो, आणि फसवणुकीची पाटी आपल्याच दारावर!

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी लावून पाटीवर चुना फासला. सुरमई गेली, मिशा मात्र चुन्यातूनही दिसत राहिल्या. खाली पाटी-पेन्सिलीची साधी पाटी टांगली: 'आज मासा नाही. समुद्र बंद आहे.'

लोकांनी खूप मजा केली. समुद्राला कुलूप कोण लावतं, किल्ली कुणाकडं असते, असं विचारून जायचे. मासेवाल्या खानावळीत पिठलं खायला कोण येणार? आखाड रिकामा गेला, श्रावण त्याहून रिकामा. नानासो रोज पाटी पुसून तेच पुन्हा लिहायचे.

नारळी पौर्णिमा होऊन गेली. गणपती उठले आणि अर्जुनाची लॉरी खोकत दारात आली. उतरल्या उतरल्या तो म्हणाला, "बांगडा हाय. सुरमई मिळाली न्हाई. घाटात रस्ता खचलाय, म्हणून आज भाव चढा हाय. घेणार का?" नानासोंनी घेतला. पण आधी तांब्याभर पाणी प्रत्येक कल्ल्यावर ओतलं आणि लाल रंग जातोय का ते बघितलं. तोवर अर्जुना मान खाली घालून उभा होता. दोस्ती पुन्हा जुळली, पण तो तांब्या पुढं कायमचा राहिला. एकदा उतरलेला विश्वास असाच परत येतो, पाण्यानं धुऊन बघत बघत.

दुपारी मानसिंगराव दारात उभे राहिले. त्यांनी चुन्यातल्या मिशांकडं बघितलं, खालच्या पाटीवरचं 'आज बांगडा आहे' वाचलं.

"सुरमई हाय का, नाना?"

नानासोंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "न्हाई, सुभेदार. बांगडा हाय. नेहमीपरास म्हाग हाय."

मानसिंगरावांनी चपला काढल्या. आत येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, "मग ताट वाढ. तुझ्या तोंडून 'न्हाई' कवा ऐकायला मिळतंय त्याचीच वाट बघत हुतो."

फौजदार बोकाही कुठून तरी आला आणि त्यांच्या ताटाशेजारी नीट बसला.

तेव्हा मंडळी, पुन्हा कुठल्या दुकानात, खानावळीत गेलात आणि मोसम नसलेली वस्तू, मोसमातल्या भावानं, तीही ताजी पाहिजे असा हट्ट धरलात, तर जरा थांबा. समोरचा "हाय" म्हणेल. त्याला खोटं बोलायला आपणच लावलेलं असेल. दर्याला वर्षातून एकदा विसावा लागतो, आणि खरं बोलणाऱ्या माणसाला रोज एक गिऱ्हाईक लागतं. ते गिऱ्हाईक आपण होऊ या.