हरप्रीतच्या घरी

टीव्हीवर दिल्ली जळताना दिसत होती, आणि सुनेत्राची पंधरा वर्षांची मुलगी सुलेखा तिथेच होती, हरप्रीत नावाच्या शाळेतल्या शीख मैत्रिणीच्या घरी सुट्टीला. शीख अंगरक्षकांच्या हातून पंतप्रधानांची हत्या झाली तेव्हा दिवाळीची सुट्टी संपायला दोन दिवस उरले होते.

सुलेखाला डेहराडूनच्या त्या जुन्या दगडी शाळेत घालायचं तिच्या बाबांनी, नरेंद्रनंच ठरवलं होतं. त्याचे वडील मिलिटरीत डॉक्टर असताना तो स्वतः तिथे शिकला होता. "इथे अमेरिकेत राहिली तर हातची जाईल," असं म्हणून त्यानं सुनेत्राचं काही ऐकलं नव्हतं. आता पिस्कॅटवेच्या घरी स्वयंपाकघरात तो सारखा नंबर फिरवत होता आणि पलीकडून एकच रेकॉर्ड वाजत होती, सगळ्या लाइन्स बिझी आहेत.

शाळेचा फोन एकदाच लागला. प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या, "शाळेच्या गाडीसाठी सुलेखा दिल्ली स्टेशनवर आलीच नाही. मी स्वतः दिल्लीला निघतेय."

त्यानंतर दोघं आळीपाळीनं फोनपाशी बसली. सुनेत्रा नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. जास्त बोलली असती तर नको ते तोंडून गेलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी फोन खणखणला.

"आई, मी स्कूलमध्ये आहे. आय ॲम ओके."

सुनेत्रानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "कुठे होतीस गं राणी?"

"समोरच्या शर्माआंटींनी आम्हाला त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत लपवलं. लोक घर जाळत होते, आई. आम्हाला ऐकू येत होतं. हरप्रीतचे पापाजी दुकान बघायला गेले आणि..." तिला पुढे बोलवेना. "तिची मम्मी रिलीफ कॅम्पमध्ये आहे. तीच म्हणाली, हिला तुझ्याबरोबर शाळेत ने. मॅडम आम्हा दोघींना गाडीतून घेऊन आल्या."

नरेंद्रनं रिसीव्हर हिसकावला. "सुलू, बास झालं. मी तिकीट बुक करतो. ताबडतोब परत यायचं!"

"नाही, बाबा."

"नाही म्हणजे?"

"हरप्रीत झोपेत ओरडते. माझा हात सोडत नाही. आय कान्ट लीव्ह हर."

"तिचं बघतील तिचे लोक! मला माझी मुलगी हवीय!" नरेंद्रचा आवाज फाटला.

सुनेत्रानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. मुलीला घट्ट उराशी धरावं, यापलीकडे तिलाही काही नको होतं. "सुलू, तू तिथेच राहा," ती म्हणाली. "मी येते."

"वेड लागलंय तुला?" नरेंद्र ओरडला.

"तुम्ही पाठवलीत तेव्हा मी गप्प बसले. आता तुम्ही बसा."

पुढच्या आठवड्यात तोच तिला एअरपोर्टवर सोडायला गेला. बॅग उतरवताना खाली मान घालून म्हणाला,

"थंडी असेल तिकडे. त्या हरप्रीतसाठी स्वेटर घेतलास ना?"

"घेतलाय," सुनेत्रा म्हणाली, आणि निघताना क्षणभर त्याचा हात हातात धरून उभी राहिली.