एका पोरीला दोन मास्तर

डोक्याला टोपी घालून दोन बाप्ये सकाळच्या पारी दारात आले म्हणजे काम एकच. एवढं कळायला मायाक्काला शाळा लागत नव्हती. तिनं घोंगडं झटकून अंथरलं, नात बनीला तोंड धुवायला पिटाळलं, सुनेला गूळ-पाणी आणायला लावलं. पोरगी बघायला आलेल्यानं गूळ खाल्ला की बोलणं पुढं सरकलं, हे कुंभारी गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

आलेल्यांतला एक गावच्या शाळेचा सिद्रामप्पा मास्तर. दुसरा सोलापूरच्या उर्दू शाळेतला नबीसाब. धनगराच्या सोयरिकीत हा कशाला, ते तिला उमगेना. असेल मध्यस्थ, असं तिनं धरलं.

दोघांनी गूळ खाल्ला. नबीसाबनं काडीनं मातीत रेघा ओढून बनीला काहीतरी विचारलं. बनीनं काडी घेतली, आणखी एक रेघ मारली. "हे दोन तुकडं सारकंच की." मास्तर एकमेकांकडं बघून हसले.

मायाक्काच्या वेळी पोरीला चालून दाखवायला सांगत. हे नवीनच. "झालं बघून? मग मुलगा कुटं हाय?"

"कसला मुलगा, आक्का?"

"मग गूळ काय उगीच खाल्ला व्हय?"

सिद्रामप्पाला ठसका लागला. तो थांबल्यावर त्यानं खरं काम सांगितलं. त्याला येत होतं तेवढं गणित बनीनं संपवलं होतं. पुढचं नबीसाबला येत होतं. उर्दू शाळेला शुक्रवारी सुट्टी, म्हणून तो शुक्रवारी कुंभारीला येई आणि सिद्रामप्पा आपला तास त्याला देई. पण आता मेंढरं चरायला मंगळवेढ्याकडं निघणार. बनी बरोबर गेली तर शिकणं मोडलं आणि उन्हाळ्यातली परीक्षाही बुडाली. तिला मागं ठेवा, माझी बायको सावित्रम्मा लेकीसारखी बघेल, असं त्याचं म्हणणं.

"एका पोरीला दोन मास्तर? शिंगं फुटलीत का तिला?"

"मी एकटा पुरत न्हाय तिला, आक्का."

"म्हंजे तुला येत न्हाय."

"न्हाय येत."

मास्तर असून असं तोंडावर कबूल करतो म्हणजे नवलच. ती नबीसाबकडं वळली. "तुला येतंय न्हवं? मग हा कशाला?"

"मला येतं, पण समजावता येत नाय," नबीसाब म्हणाला. "मी सांगतो. पोर अडली की हे उलगडून देतात."

"आन् पोरीला काय झालं तर मी गचांडी कुणाची धरू?"

"दोघांची."

"दोघांची म्हंजे कुणाचीच न्हाय. कळपाला दोन धनी झाले की लांडग्याची दिवाळी." तिनं बनीला विचारलं, "तुजं काय गं?"

"मी हितं ऱ्हाते," बनी म्हणाली. मान वर केली नाही; काडी मातीत चालूच होती.

लेक घरातून एकदाच निघते, तीही हळद लागल्यावर. मायाक्काला दुसरी रीत ठाऊक नव्हती. तिनं गुळाची रिकामी वाटी उचलली. मग म्हणाली, "गूळ खाल्लाय दोघांनी. आता पाठ फिरवायची न्हाय." आणि बनीची कापडं-वाकळ सावित्रम्माकडं पोचवायला सुनेला सांगितलं.

मंगळवेढ्याच्या शिवारात मेंढरं बसली तेव्हा शेजारच्या कळपातली बजाबाई विचारत आली, "नात दिसंना ती?"

"गावाकडं हाय."

"लगीन झालं? आमाला सांगावा न्हाय?"

"लगीन न्हाय झालं."

"मग कुणाच्या घरी ठेवलीस?"

"मास्तराच्या."

"कामाला?"

"कामाला कशाला जाईल माजी नात?"

"मग?"

मायाक्कानं शब्द चाचपून बघितले. दिली म्हणावी तर सासर नाही, कामाला ठेवली म्हणावी तर मजुरीची बोली नाही. "तुज्या कुत्र्याला बांध आदी," ती म्हणाली. "माज्या कोकरांवर गुरगुरतंय."