खिळे ठोकलेला मल्लखांब

मित्रांनो, मी एक जुना मल्लखांब आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण माझ्याकडे बघून आता ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मी सागाचा. इथे बंगालात, बालीगंजातल्या मराठी मंडळींनी आपल्या पोरांसाठी मला बागबाजारच्या एका मिस्त्रीकडून घडवून घेतलं. बुंधा जाड, मान बारीक, माथ्यावर गोल बोंड. मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "खंभा तो हो गया, दादा, छत किधर है?" मंडळाच्या अंगणात मला पुरलं, तेव्हाही सगळे तेच आठवून हसत होते.

छप्पर नव्हतंच. माझ्या माथ्यावर जयंत असायचा. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतल्या दिगंबररावांचा हा मुलगा. त्याची आई कालिंदीबाई मला तळहाताने एरंडेल चोळायची, बाळाला न्हाऊमाखू घालावं तसं. जयंत बोंडावर पोट टेकून हातपाय पसरायचा, की शेजारच्या गच्चीवरच्या बंगाली बायका किंचाळायच्या. हा वरूनच त्या मावश्यांना म्हणायचा, "माशीमा, चहा टाका, आलोच!"

धाकट्या बहिणीला, वृंदाला, तोच शिकवायचा. ती अर्ध्यावर येऊन घसरायची. पुढे तो फौजेत भरती झाला. "लढाईवरून आलो की तुला बोंडावर उभी करतो," म्हणाला आणि गेला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात सीमेपलीकडच्या जेसोरच्या वाटेवर जयंतला गोळी लागली. तिथेच संपला. इतक्या जवळ, की सुट्टी मिळती तर रात्री जेवायला घरी आला असता.

मंडळाने त्याचं स्मारक करायचं ठरवलं. मला वाटलं, आता पोरांची रांग लागेल. आला तो रंगारी. अंगावर ऑइलपेंटचे तीन पट्टे चढले. मानेत खिळा, त्यावर जयंतचा फोटो. खाली आणखी खिळे, हारांसाठी.

पहिल्या स्मृतिदिनाला कालिंदीबाई आली ती तेलाची बाटली आणि चड्डी घातलेली वृंदा घेऊन. मला बघून थबकलीच.

"श्यामराव, हे काय करून ठेवलंत? पोरं चढणार कशी यावर? अंग फाटेल त्यांचं!"

अध्यक्ष श्यामरावांनी हात जोडले. "वहिनी, हुतात्म्याच्या खांबाला का पाय लावायचा? पावित्र्य राखायला नको?"

"त्याने जन्मभर पायच लावले याला!"

"तुमच्या भावना समजतात हो. बसा ना, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय."

ती बसली नाही. वृंदाचा हात धरून निघून गेली. रिकाम्या खुर्चीसमोर भाषणं मात्र यथासांग झाली.

तेव्हापासून दर डिसेंबरात हार येतात. परवा एक पाहुणे माइकवरून गहिवरून म्हणाले, "असा हा थोर फुटबॉलपटू..."

"फुटबॉल नाही, मल्लखांब!" मागून वृंदा ओरडली. चांगली उंच झालीय आता.

"श्श! स्मारकापुढे आवाज नको," श्यामराव म्हणाले.

माझ्याच सावलीत उभ्या असलेल्या एका चिमुरडीने विचारलं, "आई, मल्लखांब म्हणजे काय गं?"

"पुण्याला असतो," आई म्हणाली.

मित्रांनो, कुणा खेळाडूच्या खांबाला असे हार घातलेले दिसले, तर हात जोडायच्या आधी पक्कड आणा. खिळे उपटा, रंग खरवडा आणि पोरांना चढू द्या. घसरतील, रडतील, गुडघे फोडून घेतील. जयंत तसाच शिकला होता.