दोन कॅमेरे आणि एक प्रमाण आत्या

या, असे जवळ सरकून बसा. पाय पसरायचे तर पसरा, माझ्याकडे त्याला मनाई नाही. आज तुम्हाला दोन कॅमेऱ्यांची गोष्ट सांगतो, आणि त्या दोघांसमोर आठवडाभर खुर्चीत बसून राहिलेल्या एका आत्याबाईंची. मध्येच हसू आलं तर खुशाल हसा. देवाने हसू दिलं आहे ते काही कपाटात ठेवायला नाही.

आमच्या समोरच्या दारात काटेसाहेब राहतात. हे नाव त्यांना गल्लीने दिलं. बाजारातले तराजू खरं बोलतात की खोटं, ते तपासण्याची त्यांची सरकारी नोकरी. मखमलीच्या पेटीत पितळी वजनं असतात, ती हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने. आधी पारडं मऊ कातड्याने पुसायचं, काटा शून्यावर आला की वजन ठेवायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, वजन उचलायचं, आणि काटा पुन्हा शून्यावर आला की मगच दुसरं माप. पारड्यात वजन विसरून उठणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी पेटती चूल सोडून गावाला जाणारा. सव्वीस वर्षं त्यांनी हे केलं आणि एकदाही पारडं भरलेलं ठेवलं नाही.

त्यांना वाढवलं ते आत्याने. पाच वर्षांचे असताना आई गेली, तेव्हा टेलिफोन खात्यात नोकरी करणारी ही वडिलांची बहीण एक ट्रंक आणि गळ्यात कॅमेरा अडकवून आली ती कायमची. दर रविवारी ती फोटो काढायची. शाळेचा पहिला दिवस, पडलेला दात, हातातली पहिली पेटी, लग्न. सात आल्बम भरले. त्या सातांत आत्या कुठेही नाही, कारण बटण दाबायला तीच असायची. फक्त एका फोटोत खाली गवतावर तिची सावली पडली आहे, कोपरं बाहेर काढलेली. बस, तेवढीच ती.

आता ती एकोणऐंशीची. धाकट्या बहिणीकडे कायमची राहायला निघाली होती, दोन दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचची बस. गुडघे असे की परतीचा विषय कोणी काढत नव्हतं. काटेसाहेबांच्या मनाने घेतलं, जायच्या आधी आत्याचा एक फोटो पाहिजे. एकच, पण खरा.

ही गोष्ट फोनमध्ये कॅमेरे शिरण्याच्या थोडं आधीची. आत्याचा जुना कॅमेरा कधीच मुका झाला होता. शनिवारी साहेब दुकानात गेले. दुकानाच्या बाईंनी काचेवर दोन छोटे डिजिटल कॅमेरे ठेवले, दोन्ही साबणाच्या वडीएवढे, दोन्ही एकाच किमतीचे. साहेबांनी विचारलं यातला चांगला कोणता. बाई म्हणाल्या, दोन्ही चांगले. हे उत्तर साहेबांनी आयुष्यभर खोट्या तराजूंच्या मालकांकडून ऐकलं होतं. ते दीड तास उभे राहिले. शेवटी बाईंनी कंटाळून दोन्ही कॅमेरे पिशवीत घातले आणि सांगितलं, घरी न्या, वापरून बघा, पुढच्या सोमवारी एक परत आणा. त्या माउलीने हे सुटका म्हणून केलं. साहेबांनी ते कामगिरी म्हणून घेतलं.

रविवारी दिवाणखाना मोकळा झाला. खिडकीसमोर आत्याची खुर्ची, चारी पायांभोवती खडूच्या खुणा. कॅमेऱ्यांना नावं मिळाली, थोरला आणि धाकटा, पिशवीतून आधी निघाला तो थोरला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी खिडकीतला उजेड सर्वांत सरळ पडतो असं ठरलं, म्हणून घरातलं घड्याळ चार दहावर थांबवण्यात आलं. साहेबांच्या बायकोने विचारलं, घड्याळ थांबवून उजेड कसा थांबेल. साहेब म्हणाले, निदान आपल्या बाजूने चूक नको.

थोरल्याने एक फोटो, धाकट्याने एक फोटो. नवरा-बायको दोघांनी आळीपाळीने पडद्यावर बघायचं, वेगवेगळ्या कागदांवर गुण द्यायचे, सरासरी वहीत, आणि मग फोटो पुसून टाकायचा. पारडं रिकामं. एका फोटोचा भार दुसऱ्यावर पडता कामा नये. बायको पहिल्या दिवशी म्हणाली होती, अहो, हा बरा आलाय, राहू द्या की. साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने किलोचं वजन पदराआड लपवलं होतं.

सोमवारी निघालं की थोरल्याच्या फोटोत आत्याचं नाक किंचित लांब येतं. तेव्हा खरं नाक किती ते बघणं आलं. कार्यालयातून मोजपट्टी आली, जबड्यात धरून मापणारी, लोखंडी. आत्याने नाक पुढे केलं. एवढंच म्हणाली, की गार आहे, जरा फुंकर मारून घे. आकडा निघाला आणि दोन्ही कॅमेरे खोटे ठरले, एक या बाजूने, दुसरा त्या बाजूने. साहेब खूश झाले. आता खरी तपासणी सुरू, असं म्हणाले.

मंगळवारी अडचण आली ती आत्याची. ती हलायची. पापणी मिटायची, खोकायची, समोरून मी जाताना दिसलो की चहा घेतलास का म्हणून विचारायची. ज्याच्याशी ताडून बघायचं ते मापच जर हलत असेल तर तपासणी कसली. सरकारी तिजोरीत काचेखाली एक प्रमाण वजन ठेवलेलं असतं, ज्यावरून बाकीची सगळी वजनं पारखतात. तशी प्रमाण आत्या पाहिजे होती. साहेबांनी कोट टांगायचा लाकडी खांब खुर्चीमागे उभा केला, त्याला आत्याचा निळा स्वेटर चढवला, आणि वर, डोक्याच्या जागी, कोबीचा गड्डा. आत्याचा चष्मा कोबीला लावला. बायको म्हणाली, भाजीला काय करू मग. उत्तर मिळालं, दुसरं काहीही.

प्रमाण आत्या नमुनेदार निघाली. हलणं नाही, बोलणं नाही. आत्या शेजारच्या स्टुलावर बसून तिच्याशी गप्पा मारू लागली. टेलिफोन खात्यातल्या मुलींच्या कागाळ्या, कोण कुणाच्या लाइनवर कान लावायची, सगळं. म्हणायची, इतकं शांतपणे ऐकून घेणारं या घरात आजवर कोणी नव्हतं.

बुधवारी आधी प्रमाण आत्याचा फोटो, मग खऱ्या आत्याचा, थोरल्याने. मग तेच धाकट्याने. दिवसाला चाळीस फोटो, चाळीस आकडे, चाळीस वेळा पुसणं. गुरुवारी कोबीची वरची पानं मलूल पडली आणि साहेबांचा चेहरा उतरला. प्रमाण बदलता येत नाही, ते एकदा ठरलं की ठरलं. बायकोने तासातासाला कोबीवर पाणी शिंपडायचं अशी व्यवस्था झाली. आत्या पाणी मागायची तेव्हा तिला सांगितलं जायचं, थांब, आधी हिचं होऊ दे.

शुक्रवारी बेरीज मांडली. दोन्ही कॅमेऱ्यांत फरक पाव गुणाचा. पण दुसरंच एक बाहेर आलं. प्रमाण आत्याच्या तुलनेत खऱ्या आत्यात साडेतीन टक्के विचलन होतं. नियमाप्रमाणे दोन टक्क्यांपर्यंत चालतं. त्यावर गेलं की नोटीस.

मी खोटं सांगत नाही, तो कागद मी वाचला आहे. वरच्या ओळीत तराजूचा प्रकार लिहायची जागा असते, तिथे आत्या असं लिहिलं होतं. सदर त्रुटी सात दिवसांत दुरुस्त करून पुन्हा तपासणीस हजर राहावे. साहेबांनी दोन्ही हातांनी कागद पुढे केला. त्यांना ते आवडलं नव्हतं, पण सव्वीस वर्षांत त्यांनी कुणालाही सूट दिली नव्हती, मग घरच्यांना कुठून देणार.

आत्याने चष्म्यासाठी हात पुढे केला. कोबीचा चष्मा काढून तिला देण्यात आला. तिने कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

"सात दिवस म्हणजे पुढचा शुक्रवार," ती म्हणाली. "मी तर रविवारी चालले रे बाळा."

साहेब वहीकडे बघत म्हणाले, मुदतवाढीचा अर्ज करता येतो. आत्या म्हणाली, बसवाल्याकडे करू का. बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथे भांडी आपटत राहिली.

शनिवारी बायको बोलली. तिने फार काही सांगितलं नाही. म्हणाली, इतके दिवस तुम्ही आत्याबाईंना तपासलंत, कोबीला तपासलंत, आता या दोन कॅमेऱ्यांना एकमेकांबद्दल काय म्हणायचंय ते एकदा विचारा. तिने हे टोमणा म्हणून टाकलं होतं. साहेबांना ते पटलं. थोरला टेबलावर ठेवला, धाकट्याने त्याचा फोटो काढला. मग आकडा लिहायला वही उघडली तर रकाना नाही. छापील तक्त्यात कॅमेऱ्याने कॅमेऱ्याला दिलेल्या गुणांची सोयच नव्हती. नोंद नाही तर ते माप झालंच नाही, आणि जे झालंच नाही ते पुसणार कसं. साहेबांनी धाकटा बंद केला आणि वही मिटली. मागे आत्या कोबीच्या अंगातून स्वेटर उतरवत होती, सामान बांधायला घेतलं होतं तिने.

रविवारी सकाळी निकाल लागला. थोरला पाव गुणाने पुढे. धाकटा अपात्र. घड्याळ पुन्हा चालू झालं आणि सात दिवस मागे पडल्यासारखं धावू लागलं. स्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो. ट्रंक वर चढली. आत्या खिडकीशी बसली, निळा स्वेटर अंगात, त्याला कोबीचा बारीक वास. चालक चढल्यावर तिने काच सरकवली.

"झाला का रे माझा फोटो?"

साहेब म्हणाले, झाला, थोरला जिंकला. ती म्हणाली, अरे ते नाही, फोटो दाखव. साहेबांनी खिशातून थोरला काढला, बटण दाबलं. पडदा काळा. अक्षरं आली, चित्र नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला पुन्हा कुणाच्या तोंडावर बघावं लागू नये अशी देवाजवळ प्रार्थना आहे. पारडं रिकामं होतं. काटा शून्यावर होता. सगळं नियमाप्रमाणे होतं.

त्यांनी कॅमेरा वर उचलला, डोळ्याला लावला, आणि बस हलली. त्या गडबडीत जो एक फोटो निघाला त्यात बसचं मागचं चाक आहे.

सोमवारी साहेब दोन्ही कॅमेरे घेऊन दुकानात गेले. सोबत मीही गेलो, त्यांना एकटं सोडवेना. त्यांनी दोन्ही काचेवर ठेवले आणि म्हणाले, दोन्ही परत घ्या. बाईंनी विचारलं, दोन्ही वाईट निघाले का. साहेब म्हणाले, नाही, दोन्ही चांगले आहेत. बाईंनी सवयीने एकेक चालू करून बघितला. थोरल्यातलं चाक पुसलं. धाकट्यात एक फोटो होता.

"हा बिघडलाय," त्या म्हणाल्या. "काढून टाकते." आणि अंगठा बटणावर ठेवला.

साहेबांनी तो अंगठा धरला. सव्वीस वर्षं चिमट्याने काम करणाऱ्या माणसाने भर दुकानात परक्या बाईचा अंगठा धरला आणि सोडेचना.

फोटोत पुढे थोरला कॅमेरा होता, मोठा, लखलखीत, त्याच्यावरचं एकेक अक्षर वाचता येत होतं. त्याच्या मागे, अस्पष्ट, आत्या. एक हात स्वेटरच्या बाहीत अडकलेला, कोबीचा गड्डा काखेत धरलेला, आणि त्याला काहीतरी सांगता सांगता ती तोंड उघडून हसत होती. नाक किती लांब आलं होतं ते सांगता येणार नाही. कुणी मोजलं नाही.

साहेबांनी धाकटा घेतला. घरी येऊन वही उघडली. धाकट्याच्या पुढे अपात्र लिहिलेलं होतं, त्याखाली त्यांनी लिहिलं, तरीही घेतला. मग आत्याच्या नोटिशीची पावती काढली, साडेतीन टक्के विचलन या शब्दांसमोर बराच वेळ पेन धरून बसले, आणि लिहिलं, मान्य. खाली शिक्का मारला. नियम मोडायचा तोही रीतसर.

तो फोटो आठव्या आल्बमच्या पहिल्या पानावर आहे. तो आल्बम अजून तेवढाच भरला आहे. महिन्याभराने आत्याचं पत्र आलं. प्रकृती ठीक, बहीण घोरते, आणि कोबी कसा आहे ते कळवणे. साहेबांनी चार पानी उत्तर लिहिलं. तोपर्यंत कोबी मागच्या अंगणात पुरला होता. बायकोला त्याची भाजी करवली नाही.

तर मंडळी, तुमच्या घरातही आल्बम असतील. कधी ते उघडून बसलात आणि एखाद्या फोटोत खाली गवतावर कोपरं बाहेर काढलेली सावली दिसली, तर घटकाभर पान उलटू नका. हात जोडा, आणि आमच्या आत्याबाईंची आठवण काढा.