बोटांची पारख

इनायतुल्लांनी कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतून मूठभर कापूस ओढून काढला आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत धरून त्याचा धागा खेचायला सुरुवात केली. एक ओढ, दुसरी ओढ, मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून तिसरी. अकोल्याच्या या जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवण्याचं काम ते चौतीस वर्षं असंच करत आले होते आणि करताना हाताकडे कधी पाहिलं नव्हतं. नजर समोरच्या माणसावर, तोंडी पाऊसपाण्याच्या गोष्टी, आणि तिकडे बोटं आपलं काम उरकून मोकळी. धागा केवढा, ओल किती, वेचा पहिला की शेवटचा, सगळं बोटंच सांगायची. यंदा मात्र ते हाताकडे टक लावून पाहत होते. बोटांकडून काही निरोप येत नव्हता.

"यंदा बोंडअळी कशी होती तिकडं?" त्यांनी विचारलं. विचारायला काहीतरी हवं होतं.

"होती थोडीबहुत," खुशालराव म्हणाले. ते पातूरकडचे शेतकरी. वीस वर्षांपासून त्यांचा कापूस याच जिनला यायचा आणि इनायतुल्लाच तो पाहायचे.

इनायतुल्लांनी एक सरकी दाढेखाली धरून फोडली. कट्‌कन आवाज आला, म्हणजे कापूस वाळलेला होता. दिसायलाही पांढरा होता. राहिली धाग्याची लांबी. ती नजरेला नीट कळत नाही. अशा वेळेसाठी त्यांनी मनाशी एक नियम करून टाकला होता: शंका आली तर चूक शेतकऱ्याच्या अंगावर पडता कामा नये.

"एक नंबर," ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहिली.

खुशालरावांनी चिठ्ठी घेतली. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मागच्या गाडीकडे पाहिलं, आणि न बोलताच ते काट्याकडे निघून गेले. इनायतुल्लांना ते जरा विचित्र वाटलं, पण मागे अकरा गाड्या उभ्या होत्या.

हल्ली सकाळच्या पाळीला रोजच अशी रांग असायची. ऑगस्टमध्ये आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, सप्टेंबरपासून अमरावतीला केमो सुरू झाली, आणि दिवाळीनंतर हंगाम लागला तसे ते हट्टाने कामावर परतले. तेव्हापासून शेतकरी जणू त्यांचीच वाट पाहत असल्यासारखे सकाळी गाड्या लावत. दुपारची पाळी महादेवरावांची. त्यांच्याकडे मोजक्याच गाड्या.

"चाचा, लोकाईचा लई जीव हाय तुमच्यावर," महादेवराव एकदा म्हणाले होते. त्यात थोडी असूया होती, आणि ती इनायतुल्लांना सरबतासारखी गोड लागली होती. घरी बायकोला, नसीमबानोला, त्यांनी ही गोष्ट दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा ती उठून चहा ठेवायला गेली.

बोटांचं मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. केमोचे आठ डोस ठरले होते, दर तीन आठवड्यांनी एक सलाईन आणि नंतर चौदा दिवस गोळ्या. चौथ्या डोसनंतर मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. गार पाण्याचा पेला हातात घेतला की करंट बसायचा. मग मुंग्यांच्या जागी नुसता बधिरपणा आला, कातडीवर मेणाचा थर चढल्यासारखा. प्रत्येक वेळी डॉक्टर विचारायच्या, "हातापायांना बधिरपणा?" आणि प्रत्येक वेळी ते मान हलवायचे. नाही.

याला कारण देवमन. धारणीकडचा हा माणूस सलाईनच्या वेळी नेहमी शेजारच्या पलंगावर असायचा. तळपाय कळत नाहीत, चप्पल कुठे गळून पडते समजत नाही, असं त्याने भोळेपणाने डॉक्टरांना सांगितलं. त्याच दिवशी त्याचं औषध थांबवलं आणि त्यानंतर तो पलंगावर दिसला नाही. इनायतुल्लांनी काय समजायचं ते समजून घेतलं. ज्याचं औषध थांबलं तो संपला. बोटं काय, जातील तर जातील. माणूस तर राहील. असं ते स्वतःला समजावत, आणि मग सकाळी कापसासमोर उभं राहिलं की त्यांना कळत नसे की बोटांशिवाय राहिलेला हा माणूस नेमका कोण.

घरात एक गोष्ट झाली होती, तिच्याबद्दल दोघंही बोलत नव्हते. महिन्यापूर्वी सकाळी कुर्ता घालताना त्यांच्या लक्षात आलं की बटणं गेली आणि त्यांच्या जागी टिचबटणं आली आहेत. दाबली की लागतात. सगळ्याच कुर्त्यांना. त्याआधी काही दिवस ते आरशासमोर पाठ करून एकेका बटणाशी दहा-दहा मिनिटं झुंजत होते. नसीमबानो तेव्हा पलीकडच्या खोलीत कणीक मळत असायची, निदान तसा आवाज तरी यायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुशालराव घरी आले. तुरीच्या शेंगांची पिशवी त्यांनी दाराशी ठेवली, नसीमबानोला "भाभी, उकडून खा" म्हणाले, आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. चहा आला, संपला. कप खाली ठेवून ते म्हणाले,

"इनायतभाई, काल माह्या कापसाले एक नंबर काहून लावला?"

"एक नंबरच होता."

"तिसऱ्या वेच्याचा होता. धागा तुटून राहिला होता. मले ठाऊक होतं. तुमाले ठाऊक नाई, असं याच्या आंधी कधी झालं नाई."

इनायतुल्ला हसले. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

"तुमच्या पाळीत गाड्या काहून लागतात, हे तुमाले कोनी सांगितलं नाई," खुशालराव जमिनीकडे पाहत बोलत होते. "कोन सांगन? ज्याचा त्याचा फायदा हाय. चांगला माल दुपारी महादेवरावकडं जाते, त्याले काय, कोनीबी एक नंबरच म्हनन. हलका माल सकाळी तुमच्याकडं येते. फरदडबी तुमच्या हातून पार होऊन जाते. गावात लोक हसून बोलतात. मले ते आयकवलं नाई."

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांना पुन्हा पाणी देऊन काढलेला रद्दड कापूस. एके काळी इनायतुल्ला तो गाडीवरची ताडपत्री काढताच ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांचा चेहरा कानांपर्यंत तापला. ती रांग, ते "चाचा, या, बसा", महादेवरावांची असूया आणि दोनदा घरी येऊन सांगितलेलं ते कौतुक, सगळं एकदम आठवलं आणि त्यांना इतकी लाज वाटली की हात लपवायला जागा सापडेना. त्यांनी ते मांडीखाली घेतले.

"बोटं गेली का?" खुशालरावांनी विचारलं.

"हो."

"डॉक्टरले सांगितलं?"

इनायतुल्लांनी मान हलवली. नाही. खुशालरावांनी सुस्कारा सोडला.

"आमच्या घरचं सांगतो. तुमच्या आशाभाभीले हाडाची गोळी होती. हाडं ठिसूळ झाले म्हने. हप्त्यातून एक, शनिवारी. घेतली का छातीत आगीवानी जळे. डॉक्टरले नाई सांगितलं, मलेबी नाई. मी दर शनिवारी विचारो, घेतली का? घेतली म्हने. मंग उन्हाळ्यात अंगनात पडली अन् खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आलो, दळनासाठी कोठी उघडली, तं गव्हात गोळ्या."

"गव्हात?"

"किडीच्या गोळ्या टाकतो ना आपन धान्यात. तिले वाटलं, महागाची गोळी, फेकून काहून द्या. किडीच्या तरी कामी येईन."

इनायतुल्लांना हसू फुटलं, खुशालरावही हसले, आणि दोघांचंही हसू एकदमच विझलं.

"डॉक्टर म्हने, जळते तं सांगाचं होतं. त्याच्यासाठी वर्षातून एक इंजेक्शन हाय. गोळीच लागत नाई." खुशालराव उठले. "आता वॉकर धरून चालते. मले तिचा राग येते अन् मंग माहाच येते. मी नुसता विचारत होतो, पाहत नव्हतो."

ते गेल्यावर नसीमबानो दारातून पुढे आली. तिने सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नसल्याचं सोंग करायची तिची तयारी नव्हती.

"परसों डॉक्टरनी से तुम बोलते के मैं बोलूं?"

"मैं बोलता," इनायतुल्ला म्हणाले.

ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं बडनेऱ्याला उतरले आणि ऑटोने अमरावतीच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टर वर्षाली मुलीच्या वयाच्या. त्यांनी रिपोर्ट पाहिले, वजन लिहिलं आणि कागदावरून मान वर न करता विचारलं,

"हातापायांना बधिरपणा?"

"आहे."

त्यांचा पेन थांबला. "कधीपासून?"

"चौथ्या डोसपासून."

नसीमबानोने खिडकीकडे तोंड वळवलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. मग त्यांनी इनायतुल्लांना डोळे मिटायला सांगितलं आणि त्यांच्या उजव्या चिमटीत काहीतरी दिलं.

"काय आहे हातात, काका?"

इनायतुल्लांनी अंगठा तर्जनीवर फिरवला. पुन्हा फिरवला.

"काही नाही," ते म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. चिमटीत कापसाचा बोळा होता, ड्रेसिंगच्या डब्यातला, पांढराशुभ्र. त्यांनी तो टेबलावर ठेवला, आणि ऑपरेशनच्या दिवशीही न रडलेला तो माणूस तिथे, परक्या बाईसमोर, आवाज न करता रडला. नसीमबानोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

डॉक्टरांनी त्यांना शांत होऊ दिलं. मग म्हणाल्या की बधिरपणा सलाईनमधल्या औषधाचा आहे, ते आजपासून बंद. सहा डोस गेलेत, या टप्प्यावर ते थांबवल्याने फारसा फरक पडत नाही. उरलेले दोन डोस फक्त गोळ्यांवर होतील.

"थांबवलं म्हणजे..." इनायतुल्ला अडखळले. "तो देवमन..."

"धारणीचे? त्यांना सलाईन नाही, म्हणून पलंग लागत नाही. सोमवारी येतात, तपासून गोळ्या घेऊन जातात. मागच्या आठवड्यात मध घेऊन आले होते सगळ्यांना."

इनायतुल्ला त्यांच्याकडे पाहतच राहिले. तीन महिने त्यांनी ज्याचा शोक केला होता तो माणूस मध वाटत फिरत होता.

"माझी बोटं परत येतील?"

"हळूहळू. आधी दोन-तीन महिने कदाचित आणखी वाढेल, घाबरू नका. मग उतरायला लागेल. पूर्ण पहिल्यासारखी होतील असं मी कबूल करणार नाही." त्या थांबल्या. "चौथ्या डोसला सांगितलं असतं, तर मी तेव्हाच औषध कमी केलं असतं."

दुसऱ्या दिवशी इनायतुल्ला पाळीच्या आधी शेटजींकडे गेले आणि जे होतं ते उभ्या उभ्या सांगून टाकलं. शेटजींनी ऐकून घेतलं. कापसातून निघणाऱ्या रुईचा उतारा यंदा का बिघडला हे त्यांना आता कळलं, पण ते तसं म्हणाले नाहीत. सोमवारी अकोटहून दुसरा माणूस येईल, तोवर कसंतरी निभावून न्या, एवढंच म्हणाले.

बाहेर रांग लागलेली होतीच. पहिली गाडी नत्थुजीची, हंगामातली त्याची चौथी खेप. त्याने तत्परतेने ताडपत्री बाजूला केली.

"या चाचा. तब्येत बरी हाय ना?"

इनायतुल्लांनी ढिगात हात घातला, आतला कापूस ओढून काढला, आणि धागा न खेचता ती मूठ नत्थुजीपुढे धरली.

"माही बोटं दवाईनं बधिर झाली, नत्थुजी. मले काही समजत नाई. तुमीच ओढा अन् तुमीच सांगा. तुमी सांगान तेच लिहितो."

हे त्यांनी मोठ्याने सांगितलं, मागच्यांना ऐकू जाईल असं. रांगेत कुजबुज झाली. शेवटच्या दोन गाड्यांची इंजिनं सुरू झाली आणि त्या वळून गेटबाहेर निघून गेल्या. बाकीचे लोक खाली उतरून उभे राहिले.

नत्थुजीने कापूस घेतला. एकदा ओढला, दोनदा ओढला. धागा मधेच तुटला. तो बराच वेळ हातातल्या त्या तुकड्यांकडे पाहत राहिला.

"दोन नंबर," तो म्हणाला. आणि मग, मान वर न करता, "मागच्या खेपेचाबी दोनच होता, चाचा."

इनायतुल्लांनी पेन घट्ट धरला, चिठ्ठीवर दोनचा आकडा लिहिला आणि पुढच्या गाडीला हात केला.