कडेचं दिसतं

दुपारी तीन ते पाच न्हाणीघरात कुणी हात धुवायलासुद्धा जायचं नाही, असा त्या घरातला कायदा होता. खिडकीला दुहेरी काळं कापड, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल, वर मिणमिणता लाल दिवा. कपडे धुण्याच्या मशीनवर फोटो मोठा करून छापायचा एन्लार्जर ठेवलेला आणि पाटावर तीन ट्रे मांडलेले. कोरा कागद औषधात सोडायचा, ट्रे हलके हलके डोलवायचा आणि वाट बघायची. आधी काहीच नसायचं. मग कुठूनसा नदीचा काठ यायचा, काठावर झाड यायचं, झाडामागून धुकं यायचं, आणि आपण इथे उभे आहोत की तिथे काठावर, हे त्या घरच्या बाईंना मिनिटभर समजायचंच नाही.

बाईंना सगळे एक्स-रेताई म्हणायचे, कारण दवाखान्यात एक्स-रे काढण्यात त्यांची हयात गेली होती. तिथे संगणकावरची यंत्रं आली आणि जुने ट्रे भंगारात निघाले, तेव्हा त्यांनीच ते मागून घरी आणले. नणंद विचारायची, "वहिनी, न्हाणीघरात एवढं काय शिजतं गं?" ताई म्हणायच्या, "सकाळपासून लोकांची हाडं बघते, घरी आल्यावर जरा धुकं बघू दे की!"

त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. मित्रांनी त्यांचं नाव ठेवलं होतं कानामात्रा. निवृत्त झाले तरी बिस्किटाच्या पुड्यावरची चूक काढल्याशिवाय माणूस पुडा फोडायचा नाही. मग बायकोचे फोटो काय सुटणार? "पाणी एका बाजूला सांडतंय बघ. ही फांदी त्या म्हाताऱ्याच्या डोक्यातून उगवलीय. या बाईचा पाय कुठे गेला?" ताई फणकारायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं त्याच जागी जाऊन तोच फोटो पुन्हा काढायच्या. खोटं कशाला बोला, त्यांच्या हाताला वळण लागलं ते या कटकटीनंच.

गेल्या वर्षापासून मात्र कटकट थांबली. दाखवावा तो फोटो छान. "छान आलाय. झकास." ताईंना वाटलं, पाघळला एकदाचा हा माणूस! की आपणच आता खरोखर चांगल्या झालो? त्या महिनोन् महिने हवेत होत्या, आणि त्याबद्दल मी तरी त्यांना हसणार नाही. कौतुक कुणाला नको असतं?

मग एका दुपारी ते कागदांचं झालं. अंधारात डब्यातून कागद काढताना कधी कधी दोन एकमेकांना चिकटून येतात. वरच्या कागदावर चित्र उमटतं, खालचा कोरा राहतो. ताईंनी दोन्ही धुतले, दोन्ही वाळत घातले. वाळल्यावर स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला, म्हणून घाईनं एक न बघताच ओढला, बाहेर यजमानांच्या हातात दिला आणि त्या गॅसकडे धावल्या.

"वा!" मागून आवाज आला. "पाणी अगदी हलतंय गं."

ताई फडकं हातात घेऊन परत आल्या. नवऱ्याच्या हातात पांढराशुभ्र कागद होता. त्यावर पाणी नव्हतं, काठ नव्हता, काहीच नव्हतं. ते त्याच्याकडे कौतुकानं बघत होते.

"आवडला?" ताईंनी कसंबसं विचारलं.

"हा तर तुझा सगळ्यात छान."

ताईंनी कागद घेतला, आत गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर बिचारे ओशाळले. "ते स्वतःच आले होते, ताई. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. ज्याच्याकडे बघतील तेच नेमकं पुसलं जातं. कडेचं दिसतं, म्हणून चालतात, फिरतात, कप उचलतात. वाचणं गेलं. चेहरे गेले. आता औषधानं परत येणारं नाही, आणि कडेचंही पुढे किती टिकेल ते सांगता येत नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, कळलं तर ती फोटो काढायची बंद होईल."

आणि झालंही तसंच. ज्यानं बघायचं तोच बघत नसेल तर औषधं कशाला कालवायची? दोन आठवडे न्हाणीघरात दिवसाढवळ्या कुणीही हात धुऊ लागलं. यजमान अस्वस्थ झाले. "काय गं, फोटो नाही या आठवड्यात?" ताई म्हणायच्या, "उजेड बरा नाही." दोघंही एकमेकांना जपत होते आणि दोघंही खोटं बोलत होते. असल्या जपण्याचा ताईंना मनस्वी राग आला होता.

पण राग आला तरी नजर त्यांच्यावरच. ताईंनी पाहिलं, चहाचा कप उचलायचा तर हा माणूस खिडकीकडे बघतो. चप्पल शोधायची तर छताकडे. पाखरं बघायची तर त्यांच्याकडे पाठ फिरवतो की काय असं वाटावं. एके सकाळी कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आयुष्यभर आपण बघण्याजोगं सगळं फोटोच्या मधोमध ठेवत आलो. यांच्यासाठी ते कडेला ठेवायला हवं!

कॅमेऱ्याच्या दुकानातून त्यांनी एक वापरलेली वाइड लेन्स आणली. तिच्यातून खोलीच्या चारही भिंती एकदम दिसत. पहिला रोल पार वाया गेला. त्या लेन्सला कडेची माणसं ताणायची खोड होती, आणि ताईंचा स्वतःचा चेहरा दुधीभोपळ्यासारखा लांबट आला. एकट्याच बसून त्या खो खो हसल्या. मग कॅमेरा मागे नेला, आणखी मागे, पार अंगणाच्या दारापर्यंत. यजमानांना म्हणाल्या, "टेबलाशी बसा हो, हलू नका. लेन्स तपासायचीय." टाइमर लावला आणि धावत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

त्या दुपारी पुन्हा लाल दिवा लागला. ताईंनी डब्यातला सगळ्यात मोठा कागद घेतला, तोही करकरीत काळंपांढरं देणारा. धुक्याच्या मऊ करड्या छटा त्यांनी मुद्दाम सोडल्या, आणि सोडताना जिवावर आलं. ट्रे पुरेना म्हणून कपड्यांचा टब घेतला. औषधात आधी चार काठ जागे झाले. मध्ये नुसती उन्हानं भरलेली रिकामी फरशी तरंगत होती.

संध्याकाळी फोटो टेबलावर पसरला. "इथे, बरोब्बर मध्ये बघा," ताईंनी त्यांचं बोट धरून फरशीवर ठेवलं. "नजर हलवायची नाही."

"इथे काही नाहीये."

"माहीत आहे मला. सगळं माहीत आहे. बघा तुम्ही."

पकडल्या गेलेल्या माणसाचे कान लाल होतात तसे त्यांचे झाले. पण नजर त्यांनी हलवली नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"खिडकी," ते हळूच म्हणाले. "आपली खिडकी आहे ही. खाली टेबल. हा टकल्या कोण? मीच की! हा मीच!" ते हसायला लागले, आणि मध्येच थांबले. "उजवीकडे दार आहे. दारात कुणीतरी उभं आहे."

ताईंचा जीव कानात गोळा झाला.

"तू आहेस," ते म्हणाले. "अगं, तुझा चेहरा आहे हा. थांब, हलवू नकोस कागद... हे केस कधी कापलेस?"

"गेल्या उन्हाळ्यात," ताई म्हणाल्या.

"एवढे आखूड!" फरशीवरची नजर न काढता त्यांनी हात लांब केला, चाचपडत ताईंच्या मानेपर्यंत नेला, आणि कापलेल्या केसांच्या टोकांवर तसाच ठेवून दिला.