खाणीवरची हाक

लढाई संपून दोन वर्षं झाली होती, तेव्हा मी रब्बी अझ्रिएल यांची गाडी चालवायचो. गाडी म्हणजे अमेरिकन फौजेनं टाकून दिलेली रुग्णवाहिका. दार दोरीनं बांधलेलं, आणि चढावर शिव्या खाल्ल्याशिवाय ती हलायची नाही. रब्बी शेजारी असले की मी शिव्या पोलिशमध्ये द्यायचो. एकदा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नोतके, मला पोलिश येतं बरं का."

बव्हेरियात तेव्हा अमेरिकनांचा अंमल होता आणि आम्ही उरलेसुरले ज्यू त्यांच्या छावण्यांत राहायचो. रब्बी एका छावणीतून दुसरीत जायचे. प्रत्येक ठिकाणी बायका त्यांची वाट बघत बसलेल्या असायच्या. नवऱ्याला नेलं, तो परतला नाही, मरताना कुणी पाहिला नाही. आमच्यात अशा बाईला 'बांधलेली' म्हणतात. मेल्याची साक्ष मिळेपर्यंत तिला दुसरं लग्न नाही. केलंच आणि पहिला परत आला, तर पुढच्या मुलांवर जन्माचा डाग. रब्बींनी लिथुआनियात या एकाच विषयात उमेदीची वर्षं घालवली होती. तिकडे वर्षाकाठी एखादं प्रकरण यायचं, कुणी नदीत बुडालेला, कुणी परदेशी पळालेला. इथे एकेका छावणीत खोली भरून बायका.

वाल्डआउच्या छावणीत ब्रायना होती. तिचा नवरा योसेफ-बेर, झाब्लिन गावच्या मोटल लोहाराचा मुलगा. लढाईच्या शेवटच्या वसंतात कैद्यांना पायी हाकलत नेलं, त्या रांगेत तो होता, एवढंच तिला ठाऊक. छावणीतला अन्शेल शिंपी तिच्याशी लग्न करायला एका पायावर तयार होता.

"रब्बी, काहीतरी तोड काढा," अन्शेल म्हणाला. "एवढ्या काळात मी अख्ख्या पलटणीचे कोट शिवले असते."

"तू गप बस," ब्रायना म्हणाली. "मला तोड नको, रब्बी. खरं काय ते कळू दे. नाहीतर मी अशीच राहीन."

साक्षीदार नव्हता, म्हणजे रब्बींकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. भटारखान्याच्या फाटकाशी जवळच्या खेड्यातली एक शेतकरीण अंडी घेऊन आली होती, कॉफीच्या बदल्यात. क्रेसेन्झ तिचं नाव. ब्रायना टोपली धरून उभी, क्रेसेन्झ एकेक अंडं तिच्यात ठेवत होती आणि जात्यावर बसलेली बाई गुणगुणते तशी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो. आधी वाटलं चर्चमधलं गाणं असेल. मग शब्द कळले, आणि माझा हात थांबला.

ती आम्हा ज्यूंच्या यिद्दिश भाषेत म्हणत होती, "झाब्लिनचा योसेफ-बेर, मोटल लोहाराचा पोरगा, मेला."

तेही आमच्या शेजारगावचे झाब्लिनकर बोलतात तसं, शेवटचा स्वर लांब ओढून. बव्हेरियातल्या बाईच्या तोंडात तो स्वर कुठून यावा?

टोपली पडली. मी पुढे झालो, पण रब्बींनी माझं मनगट असं धरलं की हाड दुखलं. "विचारू नकोस," ते कानाशी म्हणाले. "काढून घेतलेली साक्ष वाया जाते. ती आपणहून बोलली तरच ती साक्ष."

क्रेसेन्झ फुटक्या अंड्यांकडे बघत होती. "अगं बाई, काय झालं? मी काही वाईट बोलले का? डोक्यात बसलंय हो ते. आमच्या शेतावर चुनखडीची जुनी खाण आहे. दिवस कलला, धुकं उतरलं, की तिथून कुणीतरी हेच म्हणतं. माणूस दिसत नाही. काय अर्थ आहे त्याचा?"

ब्रायना खाली वाकून टरफलं वेचू लागली.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "रब्बी, भूतबाधा आहे. नाहीतर कुणाची तरी चेष्टा."

"आमच्या शास्त्रात असा जुना निवाडा आहे," ते म्हणाले. "डोंगरावरून हाक आली, अमका मेला. लोक वर गेले तर तिथे कुणी नाही. तरीही पंडितांनी त्याच्या बायकोला मोकळं केलं. फक्त एक बघावं लागतं. ते पिशाच तर नव्हतं ना."

"ते कसं बघणार?"

"सावलीवरून. पिशाचाला सावली असते, नोतके. सावलीची सावली नसते."

मी धर्म सोडून फार दिवस झाले होते. तरी ते वाक्य ऐकून मी काच वर केली.

ब्रायना आमच्याबरोबर आली. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. क्रेसेन्झच्या घरी तिचा म्हातारा सासरा झावर चुलीपाशी बसला होता. आम्हाला बघताच त्यानं मान वळवली.

"इथून कुणी गेलं नाही," तो म्हणाला. आम्ही काहीच विचारलं नव्हतं.

"मामंजी, यांना नुसती खाण बघायचीय."

"खाणीत दगड आहेत. दगड काय बघायचे!"

हिवाळा तोंडावर होता. आम्ही वर गेलो तेव्हा सूर्य ढगाखालून निसटून अगदी आडवा आला होता आणि खाणीची पांढरी भिंत उजळून निघाली होती. खाली खड्ड्यात धुकं साचत होतं, ताकासारखं. पाखरू नाही, कुत्रं नाही. आमच्याच श्वासाची वाफ तेवढी हलत होती.

आवाज आला तो मोठा नव्हता. समोरच्या कड्यावरून, कुणी दमलेला माणूस काम उरकतोय असा.

"झाब्लिनचा योसेफ-बेर, मोटल लोहाराचा पोरगा, मेला."

ब्रायनानं माझी बाही घट्ट धरली. "हा त्याचा आवाज नाही," ती पुटपुटली. "त्याचा नाही. पण आमच्या गावचा आहे."

मी पळालो. खड्ड्याला वळसा घालून कड्यावर चढलो. वर गवतावर हिंव पडलं होतं, पांढरं आणि सलग. त्यावर एकही पाऊल नव्हतं. मागे वळून पाहिलं तर फक्त माझीच पावलं. मी तिथेच उभा, आणि माझ्या शेजारून, हाताच्या अंतरावरून, आवाज पुन्हा बोलला. या वेळी वेगळं नाव. रादोमचा कुणी चांभार. मग झाब्लिनचाच एक दूधवाला. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचं, समोरच्याला ऐकू गेलं ना हे बघावं तसं. बोलणाऱ्याच्या तोंडाची वाफ मात्र दिसत नव्हती. कसा उतरलो ते मला आठवत नाही.

रब्बी भिंतीकडे बघत होते.

"तू वर पोचायच्या आधी," ते म्हणाले, "भिंतीवर एक सावली होती. उभ्या माणसाची. आणि तिच्या कडेला दुसरी, फिकट."

"म्हणजे माणूस?"

"म्हणजे पिशाच नाही. याहून जास्त मला विचारू नकोस."

ते ब्रायनाकडे वळले. तिथेच, खाणीच्या काठावर, निवाड्याचे शब्द म्हणाले. ती मोकळी झाली. ती रडली नाही. गळ्याशी कोटाची कड फाडली, आमच्यात शोकाची तशी रीत आहे, आणि दगडावर बसून राहिली. अन्शेलचं नाव तिनं त्या दिवशी काढलं नाही.

मला वाटलं, काम झालं, निघू. रब्बी म्हणाले, "त्यानं पुढची नावंही घेतली ना? त्यांच्या बायका कुठेतरी बसल्या असतील."

आम्ही क्रेसेन्झच्या गोठ्यात मुक्काम केला. रोज दिवस कलला की रब्बी खाणीवर जाऊन बसायचे. लिहायची गरज नव्हती, शास्त्राची पानंच्या पानं त्यांना पाठ असत. आवाज नावं घ्यायचा, गाव आणि बाप सांगून, आमच्या प्रार्थनाघरात पोथी वाचायला पुकारतात त्याच चालीत. सगळी नावं झाली की पुन्हा पहिल्यापासून. एका संध्याकाळी यादी संपल्यावर रब्बी उभे राहिले आणि धुक्यात ओरडले, "तू कोण? तुझं नाव सांग! तुझीही कुणी असेल!"

तोच दमलेला आवाज, पुन्हा पहिल्यापासून, "झाब्लिनचा योसेफ-बेर..."

रब्बी परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

त्याच रात्री जेवताना झावरनं चमचा खाली ठेवला. कुणाकडे न बघता बोलायला लागला.

"मला वाटायचं, मलाच बोलावतोय. त्याची भाषा कळत नाही ना. रोज वाटायचं, आज माझं नाव येणार." त्यानं ताटली बाजूला सारली. "त्या दिवशी कैद्यांची रांग खाणीकडे वळवली, तेव्हा मी खिडक्या लावून घेतल्या. सुनेला म्हटलं, तू पण लाव. गोळ्या ऐकल्या. सकाळी खाणीचा तळ दगडांनी बुजवलेला होता, आणि आम्ही गाई चारायला नेल्या."

"मामंजी!" क्रेसेन्झ ओरडली.

"जागा दाखवतो," तो म्हणाला.

रब्बींनी त्याला माफ केलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच म्हणाले, "सकाळी काठी घेऊन चला. रस्ता निसरडा आहे."

अमेरिकन अधिकाऱ्यानं गावच्या पुरुषांना कुदळी घेऊन उभं केलं. दगड उचलायला बरेच दिवस लागले. रब्बी काठावर बसून प्रार्थना म्हणत होते. जी माणसं निघाली, त्यांना आम्ही आमच्या रीतीनं, पांढऱ्या कापडात, शेजारच्या शहरातल्या जुन्या ज्यू कबरस्तानात पुरलं. प्रत्येकासाठी रब्बींनी एक नाव उच्चारलं. नावं संपली तरी एक माणूस उरला होता.

त्यानंतर खाणीवर आवाज आला नाही. क्रेसेन्झ म्हणाली, "आता संध्याकाळी काहीच ऐकू येत नाही. झोप तर आधीपेक्षाही येत नाही."

ब्रायनानं हिवाळा सरल्यावर अन्शेलशी लग्न केलं. त्यांना मुलगी झाली, तिला लोहारासारखे रुंद पंजे आहेत असं अन्शेलच चेष्टेनं सांगायचा आणि ब्रायना त्याला चापट मारायची.

रब्बी मात्र त्या उरलेल्या माणसासाठी फिरत राहिले आणि मी गाडी चालवत राहिलो. छावणीमागून छावणी. आवाजानं ज्यांची नावं घेतली त्यांच्या बायका भेटल्या की रब्बी त्यांना मोकळं करायचे. झाब्लिनच्या बांधलेल्या बायका जिथे असतील तिथे ते सगळी हकीकत सांगायचे आणि विचारायचे, "तुमच्यात असा कोण होता, जो स्वतःला विसरून दुसऱ्यांची नावं घेत बसेल?"

एक बाई म्हणाली, "माझा नवरा. तो असाच होता." तिच्या शेजारची म्हणाली, "नाही, रब्बी, तो माझा." मग मागून तिसरी उठली. तिच्या नवऱ्याला मी ओळखत होतो. कंजूष, भांडखोर, कुणाला चिमूटभर मीठ न देणारा. तीही छातीवर हात ठेवून म्हणाली, "माझाच."

रब्बींनी त्यांच्यातल्या कुणालाच मोकळं केलं नाही. शास्त्रात तशी जागा नव्हती. खोलीत बायका एकमेकींकडे बघत उभ्या होत्या, आणि ते म्हणाले, "बसा. प्रत्येकीनं मला तिच्या नवऱ्याचा आवाज कसा होता ते सांगा. आपल्याकडे वेळ आहे."

मी बाहेर जाऊन गाडीचं इंजिन बंद केलं.